घराण्याचा डाग आणि रक्ताची साक्ष

सोयरीक जुळवताना पत्रिका पाहून होते, गोत्र विचारून होते, मुलाची नोकरी आणि मुलीचे शिक्षण यांची चौकशी होते. मग उठता उठता कोणीतरी वडीलधारे आवाज खाली आणून विचारतात, ‘‘घराण्यात कोणी तसे नाही ना?’’ हा ‘तसे’ शब्द आमच्या डिचोली-पेडणे भागात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. या एका शब्दापायी किती घरांनी आपला माणूस मागच्या खोलीत ठेवला आणि किती बहिणींची लग्ने भावाच्या आजारामुळे अडली, याची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

आम्ही शिरगावचे. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरीत लागलो आणि लोकांच्या रक्ताच्या बाटल्या हाताळण्यात निम्मे आयुष्य गेले. ‘‘रक्त तपासून डोक्याचा आजार कळतो काय हो?’’ हा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला. वेड रक्तातून येते का, येत असेल तर किती येते, आणि रक्त तपासून ते ओळखता व बरे करता येते का, या तीन प्रश्नांमागे वैद्यकशास्त्र सव्वाशे वर्षे लागले आहे. त्या शोधात गोवा, मुंबई, पुणे आणि सातारा यांचाही वाटा आहे, आणि तो आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही.

प्रथम शब्दांचा अर्थ सांगतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, सारे जग आपल्याविरुद्ध कट करते आहे असे ठाम वाटणे, बोलण्या-विचारांचा धागा तुटणे, अशा अवस्थेला डॉक्टर ‘सायकोसिस’ म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा त्यातला प्रमुख आजार. तीव्र बायपोलर आजारातही अशी अवस्था येऊ शकते. आयुष्यभराचा हिशेब धरला तर शंभर माणसांत जवळपास एकाला स्किझोफ्रेनिया होतो, आणि तो बहुधा ऐन तारुण्यात होतो. आणि ‘बायोमार्कर’ म्हणजे आजाराची शरीरातली मोजता येणारी खूण. मधुमेहाला रक्तातली साखर आहे, तशी.

गोमंतकातल्या जुन्या वाटा

गोव्यात मनाच्या आजाराचा विचार जुना आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आले. त्यांचा भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. धोतरा पोटात गेला की शहाणा माणूस कसा भान हरपून हसत सुटतो, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे बाहेरचा एखादा पदार्थ मेंदूवर काम करून माणसाला काही काळ वेडा करू शकतो, ही गोष्ट साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात छापून झाली होती. सापाच्या विषावर चालणाऱ्या एका मुळीचे वर्णनही त्यांनी केले. ती सर्पगंधा असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. या मुळीकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

या ओर्तांचा शेवट आमच्या विषयाला धरून आहे. ते ज्यू कुळातले. १५६८ मध्ये ते वारले. ते गुपचूप ज्यू धर्म पाळत होते असा ठपका ठेवून इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्यांची हाडे उकरून जाळली. कुळावरून माणसाकडे संशयाने पाहण्याचा इतिहास गोव्याला नवा नाही.

दुसरे नाव कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारियांचे. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा सर्वांनी पाहिला आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला. फारियांच्या काळात युरोपात समजूत होती की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि तो समोरच्याला झोपवतो. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये व्याख्याने देऊन सांगितले की असा कोणताही द्रव नाही. जे घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते. पुढे पणजीच्या आल्तिन्यावरच्या मनोरुग्णांच्या इस्पितळाला त्यांचेच नाव होते. त्यातूनच १९८० मध्ये मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था उभी राहिली. ती आज बांबोळीला आहे.

इथे देवकार्याचाही खुलासा केला पाहिजे. आमच्या भागात अवसर येतो, कौल घेतला जातो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी ज्याच्या अंगात अवसर येतो तो माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला जातो. त्याला कोणी रुग्ण म्हणत नाही. आधुनिक वैद्यकही म्हणत नाही. आजार वेगळा. तो दिवस पाहत नाही, स्थळ पाहत नाही, आणि माणसाची झोप, काम, नाती सगळे हळूहळू खाऊन टाकतो. देवाला गाऱ्हाणे जरूर घालावे. पण गाऱ्हाणे घालून डॉक्टरकडे जावे, हे दोन्ही एका घरात सुखाने नांदू शकते.

ढिगातून वेगळा निघालेला पहिला आजार

शिरगावच्या माणसाला खाण समजावून सांगावी लागत नाही. मातीचा ढीग लांबून एकसारखा तांबडा दिसतो. त्यात लोखंड किती टक्के, ते नमुना प्रयोगशाळेत गेल्यावरच कळते. एकोणिसाव्या शतकातली वेड्यांची इस्पितळे अशीच होती. कोकणासाठी रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झाले, ठाण्याचे १९०१ मध्ये. आत जाणाऱ्या प्रत्येकावर शिक्का एकच, ‘वेडा’. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी रुग्णांच्या आयुष्यभराच्या नोंदी ठेवून या ढिगाची पहिली वर्गवारी केली. त्यांनी वेगळ्या काढलेल्या एका आजाराला १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. पण ही सारी वर्गवारी लक्षणांवरून होती. प्रयोगशाळेतून अजून काहीच आलेले नव्हते.

ते आले एका वेगळ्याच आजाराबाबत. त्या काळी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत मोठा हिस्सा अशा रुग्णांचा असे, ज्यांना आधी मोठेपणाचे भ्रम होत, मग अंग लुळे पडे आणि काही वर्षांत मृत्यू येई. कोणी याला पापाचे फळ म्हणे, कोणी घराण्याचा दोष. १९०६ मध्ये जर्मनीत वासरमन यांनी उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, रक्तचाचणी शोधली आणि या रुग्णांत ती होकारार्थी येऊ लागली. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूतच सिफिलिसचे जंतू सापडले. घराण्याचा दोष म्हणून जे मिरवले जात होते, तो एक जंतुसंसर्ग निघाला. व्हिएन्नाचे वाग्नर-याउरेग यांनी १९१७ पासून या रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार केले, त्याबद्दल त्यांना १९२७ चे नोबेल मिळाले. पुढे पेनिसिलिन आले आणि इस्पितळांतले ते वॉर्डच रिकामे झाले.

मानसिक आजाराची खरी म्हणावी अशी ही पहिली रक्तचाचणी. तिने तीन कामे केली. ढिगातून एक आजार वेगळा काढला, त्याचे कारण दाखवले आणि उपचाराची दिशा दिली. आजही जगभरच्या प्रयोगशाळा स्किझोफ्रेनियासाठी अशीच चाचणी शोधत आहेत.

सर्पगंधेने दाखवलेली वाट

आता त्या मुळीकडे. सर्पगंधा आपल्या वैद्यांना आणि वैदूंना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बिहार-बंगालकडे तर तिला ‘पागल की दवा’ असे नावच होते. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग छापून मांडला. त्याच वर्षी दिल्लीत सिद्दीकी बंधूंनी तिच्यातली रसायने वेगळी काढली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबावरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य मिळाले. न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. वर्षानुवर्षे कोठडीत असलेली काही माणसे शांत झाली, बोलू लागली.

गोष्ट इथे संपली असती तर ती फक्त अभिमानाची गोष्ट राहिली असती. पण १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना एल-डोपा दिल्यावर ते पुन्हा हिंडू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन बनते. मेंदूतले डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे आणि रेसरपिन त्याचा साठा रिकामा करते, हे त्यातून उलगडले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. त्याच सुमारास वापरात आलेले क्लोरप्रोमॅझिन आणि नंतरची बहुतेक औषधे हे डोपामिन अडवूनच आवाज आणि भ्रम कमी करतात, असे पुढे दिसून आले. आपल्या रानातल्या मुळीने अशा प्रकारे मेंदूच्या आतला एक दरवाजा दाखवला.

एक इशारा मात्र इथेच देतो. माटोळीसाठी रान पालथे घालणारे जाणकार आमच्या भागात पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. ही मुळी घरी उगाळून कोणालाही देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो, आणि काहींना खोल नैराश्य येते. म्हणूनच रेसरपिन मानसोपचारातून मागे पडले.

रक्त की संस्कार?

आता मूळ प्रश्न, ‘घराण्यात’ असण्याचा. एखादी गोष्ट एका घरात पिढ्यान्‌पिढ्या दिसते म्हणजे ती रक्तातूनच येते काय? आमच्या शिरगावचेच पाहा. वैशाख शुद्ध पंचमीच्या श्री देवी लईराईच्या जत्रेत अनेक घरांत आजोबा धोंड, वडील धोंड आणि मुलगाही धोंड असतो. उपास, सोवळे, हातातली वेताची काठी आणि पहाटेच्या होमकुंडातून चालण्याचे धैर्य घराण्यात चालत येते. ते कोणाच्या जनुकात लिहिलेले नाही. ते पाहून, ऐकून, श्रद्धेने येते. मग आजार कसा येतो? रक्ताने की संगतीने?

हे ठरवायला दत्तक मुलांचा अभ्यास करावा लागला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये अशा ४७ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता, पण ज्यांना जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत आईपासून वेगळे करून दुसरीकडे वाढवले होते. त्यांच्यापैकी ५ जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला. निरोगी आयांच्या, पण तशाच वेगळ्या वाढलेल्या ५० जणांत एकालाही झाला नाही. आई जवळ नसतानाही धोका आला, म्हणजे रक्ताचा वाटा आहे. पण हेच आकडे उलटे वाचा. ४७ पैकी ४२ जणांना तो आजार झाला नाही. आमच्या मते या अभ्यासातला हा आकडा प्रत्येक सोयरिकीच्या बैठकीत सांगण्यासारखा आहे.

जुळ्यांच्या अभ्यासाने हीच गोष्ट पक्की केली. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी. तरी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला तो निम्म्या वेळाही होत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलांत तो शंभरात सुमारे दहांना होतो, नव्वदांना होत नाही. उलट बहुसंख्य रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा आजार असलेले कोणीच नसते. म्हणजे ‘आमचे घराणे स्वच्छ’ असे म्हणणाऱ्यालाही खात्री नाही, आणि ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याच्यावर कसला शिक्काही नाही. जन्माच्या वेळची गुंतागुंत, लहानपणीचे आघात आणि कोवळ्या वयात गांजाचे सेवन यांनीही धोका वाढतो. गांजाची गोष्ट गोव्यातल्या पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण जनुके बदलता येत नाहीत, ही सवय टाळता येते.

‘डाग’ पुसायला निघालेले राज्य

घराण्याच्या डागावर सरकारी कायदा बसला तर काय होते, हे जगाने एकदा पाहिले आहे. १४ जुलै १९३३ रोजी नाझी जर्मनीने आनुवंशिक आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. तो घडवण्यात आणि त्याचे शास्त्रीय समर्थन करण्यात म्युनिकचे मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट रुडिन आघाडीवर होते. सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली. पुढे इस्पितळांतल्या रुग्णांना मारण्याची मोहीम निघाली आणि तिच्या पहिल्या टप्प्यातच ७० हजारांहून अधिक जीव गेले.

२०१० मध्ये टॉरी आणि योल्कन या अमेरिकन संशोधकांनी याचा हिशेब मांडला. जर्मनीत स्किझोफ्रेनियाच्या सव्वादोन ते पावणेतीन लाख रुग्णांची नसबंदी वा हत्या झाली असावी, असा त्यांचा अंदाज आहे. तरीही युद्धानंतरच्या जर्मनीत नव्या रुग्णांचे प्रमाण घटलेले दिसले नाही. रुग्णांची एक पिढीच्या पिढी नाहीशी करूनही आजार गेला नाही, कारण तो एखाद्या घराण्यात साठवून ठेवलेला नव्हताच. तो सगळ्या समाजात, तुमच्याआमच्यात, थोडा थोडा विखुरलेला होता.

जनुकांचा हिशेब

हे विखुरलेपण पुढे जनुकांच्या अभ्यासात प्रत्यक्ष मोजले गेले. २०१४ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून सुमारे ३७ हजार रुग्णांच्या आणि १ लाख १३ हजार निरोगी लोकांच्या जनुकांची तुलना केली. धोक्याशी जोडलेल्या १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ही संख्या २८७ झाली. यातली प्रत्येक जागा धोका अगदी किंचित हलवते, आणि त्यांतले काही ना काही बदल आपल्या प्रत्येकात असतात. रात्रभरच्या बारीक पावसाने ओहोळ भरतो, तेव्हा कुठल्या थेंबाने भरला हे विचारण्यात अर्थ नसतो, तसे हे आहे.

याला अपवाद आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला असेल, तर अशा सुमारे चौघांपैकी एकाला पुढे सायकोसिस होतो. त्यांच्यात हृदयाचे जन्मजात दोष, फाटलेली टाळू, रक्तातले कमी कॅल्शियम अशा इतर खुणा असतात, आणि त्यासाठी नेमकी जनुकचाचणी उपलब्ध आहे. अशा खुणा असलेल्या तरुण रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरला ती विचारणे योग्य ठरते.

२०१६ मध्ये आणखी एक धागा हाती आला. धोक्याच्या जागांतली एक ‘सी-फोर’ नावाच्या जनुकाची निघाली. हे जनुक रोगप्रतिकारशक्तीचे, पण मेंदूतही काम करते. वाढत्या वयात मेंदू नको असलेले जोड छाटतो, माळी फांद्या छाटतो तसे. सी-फोरचे काही प्रकार ही छाटणी वाजवीपेक्षा जास्त करत असावेत असा पुरावा मिळाला. आजार नेमका विशीच्या आसपास का डोके वर काढतो, याचे एक संभाव्य उत्तर त्यात आहे.

एक उणीवही सांगितली पाहिजे. हे अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. त्यांवरून काढलेला धोक्याचा आकडा आपल्या लोकांना नीट लागू पडत नाही. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पाने देशभरातल्या १० हजार लोकांची जनुकमाला वाचली आहे. आपली स्वतःची मोजपट्टी तयार व्हायला तिथून सुरुवात होईल.

पुण्यातले रक्ताचे नमुने

खुणा फक्त जनुकांतच शोधल्या जातात असे नाही. पुण्यात डॉ. प्रभाकर रांजेकर, अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. साहेबराव महाडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले, ते मराठी माणसाने माहीत करून घ्यावे असे आहे. एकही गोळी न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे रक्त त्यांनी तपासले. हे महत्त्वाचे, कारण औषधे सुरू झाल्यावर रक्तातला फरक आजाराचा की औषधाचा, ते कळत नाही. श्रीमंत देशांत औषध न घेतलेला रुग्ण मिळणे कठीण. आपल्याकडे मिळतो, कारण आपल्याकडे उपचाराला उशीर होतो. आपल्या उणिवेतून विज्ञानाला झालेला हा लाभ मनाला बोचतो.

२००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की अशा रुग्णांच्या तांबड्या पेशींत काही आवश्यक मेदाम्ले कमी असतात आणि पेशींच्या झिजेच्या खुणा जास्त. ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ आणि ई व क जीवनसत्त्वे दिल्यावर सुधारणा दिसली. पुढे २००९-१० मध्ये भारती विद्यापीठातील डॉ. साधना जोशी आदींच्या सहभागाने झालेल्या अभ्यासांत असेही दिसले, की चेतापेशींना पोसणारी काही प्रथिने औषध न घेतलेल्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवातच कमी असतात.

ओमेगा-३ म्हटल्यावर बांगडा-तारले खाणाऱ्या गोमंतकीयाला आनंद होईल. पण विज्ञान एका अभ्यासावर थांबत नाही. त्या ३३ जणांच्या अभ्यासात तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट नव्हता. २०१० मध्ये व्हिएन्नात ८१ तरुणांवर आशादायक निकाल आला, तर २०१७ मध्ये ३०४ तरुणांच्या मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही. मासे खावेत, पण औषधाऐवजी खाऊ नयेत.

मग आज काय तपासावे?

स्पष्ट सांगतो. स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे ठरवणारी रक्तचाचणी किंवा जनुकचाचणी आज जगात कुठेही नाही. निदान अजूनही अनुभवी डॉक्टरने रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच होते. ‘भविष्यात वेड लागेल का ते सांगतो’ म्हणून कोणी महागडी चाचणी विकत असेल तर खिशाला हात लावू नये.

पण रक्त तपासणे निरुपयोगी नाही. थायरॉइडचा दोष, बी-१२ ची कमतरता आणि सिफिलिस यांनीही सायकोसिससारखी लक्षणे येतात, आणि या गोष्टी साध्या तपासणीत सापडतात. २००७ मध्ये अमेरिकेत डॉ. जुझेप दालमाउ यांनी दाखवून दिले, की शरीराने स्वतःच्याच मेंदूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांमुळे काही तरुण, विशेषतः तरुणी, अचानक भ्रमिष्ट होतात, त्यांना झटके येतात. वेळेत ओळखले तर यातले बहुतेक बरे होतात. वासरमननंतर शंभर वर्षांनी ढिगातून आणखी एक आजार वेगळा निघाला.

चाचणीचा दुसरा उपयोग औषध सांभाळण्यासाठी. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना क्लोझापिन सर्वांत गुणकारी ठरते. पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काहींच्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या आणि त्यांचे मृत्यू झाले. तेव्हापासून नियम आहे. सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर ठरलेल्या अंतराने रक्त तपासायचे. साधी, स्वस्त पेशीगणना, पण तिच्या जोरावर हे औषध आज हजारो घरांत सुरक्षितपणे दिले जाते. तसेच, मनःस्थितीच्या आजारात वापरल्या जाणाऱ्या कार्बामॅझेपिनने काहींची त्वचा जीवघेणी सोलते. ‘एचएलए-बी १५०२’ हा जनुकप्रकार असलेल्यांत हा धोका जास्त असतो, आणि तो आधी तपासता येतो. जनुकशास्त्राचा खात्रीचा उपयोग आज आहे तो असा. कोणाला वेड लागेल हे ते सांगू शकत नाही, पण कोणते औषध कोणाला बाधेल हे सांगू लागले आहे.

माणसाचा हात

तोवर उपचार थांबवायचे का? मुळीच नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथे २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात गोव्याची ‘संगत’ ही संस्था होती. १८७ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन मदत करत. गोळ्या वेळेवर देणे, घरच्यांना आजार समजावणे, रुग्णाला पुन्हा कामाला लावणे, ही ती मदत. वर्षअखेर त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती. फायदा माफक होता आणि सर्व ठिकाणी सारखा नव्हता, पण तो देणारी माणसे डॉक्टर नव्हती, तुमच्याआमच्यासारखी होती. पुण्यात १९९७ पासून रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना काम करते आहे. कोकणातली कथा असलेला ‘देवराई’ हा २००४ चा मराठी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. तो पुन्हा घरच्यांबरोबर पाहावा.

कायदाही आता बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरवता येत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. बांबोळीचे इस्पितळ आपल्यापासून दूर नाही. सुरुवातीच्या महिन्यांत उपचार मिळाले तर माणूस सावरण्याची शक्यता अधिक असते. म्हणून झोप उडाली, अभ्यास-काम सुटले, मुलगा एकटाच बोलू लागला, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणत वर्ष घालवू नये.

लग्नाच्या बैठकीतल्या त्या प्रश्नाला उत्तर देण्याइतके ज्ञान आता आपल्याकडे आहे. रक्ताने साक्ष दिली आहे, आणि ती घराण्याच्या विरुद्ध नाही. धोका सगळ्यांच्या वाट्याला आला आहे, कोणाला थोडा कमी, कोणाला थोडा जास्त. तेव्हा सोयरीक जुळवताना विचारायचेच असेल तर असे विचारावे : या घरातला माणूस आजारी पडला तेव्हा घराने त्याला डॉक्टरकडे नेले की मागच्या खोलीत ठेवले? त्या उत्तरावरून घराणे कसे आहे ते नक्की कळेल. आणि ज्या घरात असा माणूस आज आहे, त्या घरी यंदाच्या चवथीला आपण सर्वांनी आवर्जून जावे, त्याच्याशी दोन शब्द बोलावे आणि त्याच्या हातात प्रसाद द्यावा.

गणपती बाप्पा मोरया!